सरकार म्हणजे कोण?



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी सातवीला होतो. नागरिकशास्त्राच्या पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर प्रश्न लिहिला : सरकार म्हणजे कोण? एकाने सांगितलं, तलाठी. दुसरा म्हणाला, फौजदार. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाच्या वडिलांची जमीन पाझर तलावात गेली होती. तो म्हणाला, "सरकार म्हणजे जीपगाडी." वर्ग हसला, मास्तर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर 'जीपगाडी' असं लिहिलं आणि म्हणाले, "आपल्याच गावात येऊन एका माणसाने हाच प्रश्न काढला होता. त्याच्यावर त्यासाठी खटला झाला."

ती गोष्ट मास्तरांनी त्या दिवशी पुरी सांगितली नाही, तास संपला. आज ती पुरी सांगावी म्हणून उभा आहे.

सन १९१६. मंडालेची सहा वर्षं भोगून लोकमान्य टिळकांना परत येऊन दोन वर्षं होत होती. युरोपात महायुद्ध चालू होतं. एप्रिलच्या अखेरीस बेळगावला प्रांतिक परिषद भरली आणि तिथेच होमरूल लीग स्थापन झाली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष, न. चिं. केळकर चिटणीस. १ मे रोजी टिळक बेळगावला बोलले. मग ३१ मे आणि १ जून, असे लागोपाठ दोन दिवस आपल्या नगरला. तिन्ही भाषणं मराठीत. श्रोत्यांमध्ये पोलिसांचे लघुलेखक वह्या घेऊन बसलेले होते.

ही भाषणं आज आपण वाचत नाही. जन्मसिद्ध हक्काचं ते एक वाक्य शाळेच्या भिंतीवर आलं आणि भाषणं मागे पडली. मला हे खटकतं. कारण ती वाचायला बसलं की पहिल्यांदा लक्षात येतं ते असं, की त्यांत गर्जना फार थोडी आहे. शिकवणीला बसल्यासारखं वाटतं. स्वराज्य म्हणजे काय, आपला कारभार आपल्या हाती असणं म्हणजे काय, सरकार कशाला म्हणायचं, परका कोणाला म्हणायचं, असा एकेक शब्द हातात घेऊन ते तो उलगडत जातात. समोर पेठेतले व्यापारी, वकील, आसपासच्या खेड्यांतले शेतकरी. त्यांना ज्या भाषेत हिशोब कळतो त्या भाषेत हे चाललं आहे.

'सरकार' या शब्दाची त्यांनी केलेली फोड तर फारच विलक्षण आहे. सरकार दोन आहेत, एक अदृश्य आणि एक दृश्य, असं ते म्हणाले. उदाहरण घेतलं वेदान्ताचं. निर्गुण, निराकार ब्रह्म असतं. तेच मायेच्या कक्षेत आलं की त्याला रूप येतं, नाव येतं, विकार येतात. तसं राजसत्ता ही एक निराकार गोष्ट, आणि आपल्याला रोज भेटणारी नोकरशाही हे तिचं साकार रूप. पहिलीला कोणी हात लावत नाही. दुसरी बदलता येते, बदलली पाहिजे, आणि तसं म्हणणं हा गुन्हा नाही. कीर्तनं ऐकून ज्यांचे कान तयार झाले होते, त्यांना हे एका क्षणात कळलं असणार. पंढरीला जाणाऱ्या माणसाला विठोबा आणि बडवे यांतला फरक कोणी शिकवावा लागत नाही.

'परका' या शब्दाचंही त्यांनी असंच केलं. परकेपणा धर्माचा नाही आणि धंद्याचाही नाही, तो हिताचा आहे. या देशाचं हित पाहणारा मुसलमान असो वा इंग्रज, तो परका नव्हे. टिळकांच्या नावाने आज जे जे बोललं जातं त्यात ही व्याख्या मला क्वचितच ऐकू येते, म्हणून मुद्दाम सांगितली.

२३ जुलै १९१६ रोजी टिळकांना साठ वर्षं पुरी झाली. पुण्यात गायकवाड वाड्यात समारंभ झाला, लोकांनी एक लाख रुपयांची थैली अर्पण केली. त्याच दिवशी त्यांच्या हातात नोटीस पडली. या तीन भाषणांबद्दल तुमच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन का घेऊ नये, याचं कारण दाखवा.

इथे कायद्याचं थोडं सांगायला हवं. राजद्रोहाचं कलम १२४-अ. १८६० च्या दंडसंहितेत ते नव्हतं, १८७० मध्ये आलं. १८९७ मध्ये त्याच कलमाखाली टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. त्या खटल्यातही 'केसरी'त छापलेला शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त होता, म्हणजे तिथेही मुळाशी बोललेले शब्दच. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावताना कलमातल्या 'अप्रीती' या शब्दाचा अर्थ 'प्रीतीचा अभाव' असा केला. सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा! पुढच्याच वर्षी कायदा दुरुस्त होऊन त्यात द्वेष आणि तुच्छता हेही शब्द आले. १९०८ मध्ये न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर पुन्हा तेच कलम आणि सहा वर्षांची शिक्षा. हेच दावर १८९७ मध्ये बॅरिस्टर असताना टिळकांना जामीन मिळवून देणारे. १९०८ मध्ये न्यायासनावरून त्यांनी जामीन नाकारला. जामिनासाठी उभे होते बॅरिस्टर महंमदअली जिना.

१९१६ मध्ये सरकारने वेगळी वाट काढली. राजद्रोहाचा खटला चालवायचा नाही, फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०८ लावायचं. त्यात शिक्षा नसते. जातमुचलका आणि जामीनदार द्यायचे. मुदतीत पुन्हा तसं बोललात तर रक्कम गेली. पुण्याचे जिल्हा मॅजिस्ट्रेट हॅच यांनी १२ ऑगस्टला हुकूम केला : वीस हजारांचा मुचलका, दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार, मुदत एक वर्ष. साठीच्या माणसाला तुरुंगात घातलं तर देश पेटेल, पण वर्षभर त्याचं तोंड बंद राहिलं तर होमरूलची चळवळ आपोआप थंडावेल, असा हा हिशोब मला दिसतो. जामीनकीच्या कलमांची ही खुबी मी पस्तीस वर्षं जिल्हा न्यायालयात पाहिली आहे. गुन्हा शाबीत करायचा नसतो, माणूस मात्र अडकून पडतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. नगरला बोललेलं मराठी भाषण मुंबईच्या उच्च न्यायालयात पोचतं कसं? लघुलेखक ते टिपतो. टिपणाचं मराठी लिखाण होतं. त्याचं इंग्रजी भाषांतर होतं. न्यायमूर्ती वाचतात ते इंग्रजी. ज्यांनी सभेत ते ऐकलं, त्यांच्या मनावर काय परिणाम झाला असेल हे ठरवायचं, आणि हातात मात्र तिसऱ्या ठिकाणाहून आलेले शब्द. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी याच मुद्द्यावर जिवाचं रान केलं होतं. स्वतःचा बचाव स्वतः करताना ते ज्यूरीपुढे एकवीस तासांहून अधिक बोलले, आणि त्यातला मोठा भाग शब्दांचा होता : या मराठी शब्दाला तुम्ही दिलेला इंग्रजी शब्द त्याचा नव्हे. उच्च न्यायालयाच्या भाषांतरकाराची त्यांनी उलटतपासणी घेतली. नऊपैकी सात ज्यूरी युरोपियन, त्यांना मराठी येत नव्हतं. त्या सातांनी दोषी म्हटलं, दोघा पारशांनी निर्दोष म्हटलं.

भाषांतरात काय होतं हे मी एकदा अगदी जवळून पाहिलं. एका खटल्यात एका म्हातारीने साक्षीत सांगितलं, "त्यानं मला दटावलं." शेजारच्या पोराबद्दल बोलत होती. अपिलासाठी कागदपत्रांचं इंग्रजी झालं तेव्हा 'दटावलं'च्या जागी आला 'धमकी'चा शब्द. दटावणारा वडीलधारा असतो, त्यात थोडा अधिकार असतो, थोडी काळजीही असते. धमकी देणारा गुन्हेगार असतो. मी हरकत घेतली, मूळ साक्ष काढायला लावली, आणि वरच्या कोर्टाने ती दुरुस्ती मान्य केली. त्या दिवशी घरी येऊन टिळकांची उलटतपासणी पुन्हा काढून वाचली.

तर १९१६. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांच्यापुढे हॅच यांच्या हुकमाविरुद्ध अर्ज आला. टिळकांच्या बाजूने पुन्हा जिना. युक्तिवादाचा कणा नगर-बेळगावच्या त्या फोडीतूनच आला होता : टीका आहे ती नोकरशाहीवर, कायद्याने स्थापन झालेल्या सरकारवर नव्हे, आणि नोकरशाही म्हणजे ते सरकार नव्हे.

बॅचलर यांनी हा मुद्दा सरसकट मान्य केला नाही. हे स्वच्छ सांगितलं पाहिजे, कारण आपल्याकडे ही गोष्ट सांगताना हा भाग गाळला जातो. त्यांचं म्हणणं असं, की सरकार माणसांच्या हातूनच चालतं आणि मुलकी नोकरशाही हा त्याचा मुख्य हात आहे. तुम्ही सगळ्या नोकरशाहीवर एकजात टीका केलीत, तर ती झळ सरकारपर्यंत पोचते की नाही, हा कायद्याचा प्रश्न नसून वस्तुस्थितीचा आहे. शब्द कोणते, सूर कोणता, ऐकणारे कोण, हे पाहून तो ठरवायचा. निष्ठेची ग्वाही दिली म्हणून माणूस सुटत नाही. पण सुटं वाक्य उचलून त्याला फासावरही चढवता येत नाही. भाषण सगळंच्या सगळं वाचायचं, मोकळ्या आणि उदार मनाने वाचायचं, आणि त्याचा एकूण, स्वाभाविक परिणाम काय होईल ते बघायचं. काही वाक्यं आक्षेपार्ह आहेत असं त्यांनी म्हटलं. तरी एकूण भाषणांचा रोख होमरूलची मागणी करण्याचा आहे, राज्यकारभारात असा बदल मागणं राजद्रोह नव्हे, असा निष्कर्ष आला आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हॅच यांचा हुकूम रद्द झाला.

वकिलाच्या नजरेने पाहिलं तर हा निकाल मोठा का? भाषण अखंड वाचायचं, हा नियम एरवी साधा वाटतो. पण ज्याच्या भाषणातलं एकच वाक्य कापून चौकाचौकात फिरवलं गेलं आहे, त्याला विचारा. आजचं युग तर तीस सेकंदांच्या तुकड्यांचं आहे. त्या तुकड्यावरून फिर्याद नोंदवली जाते, तुकड्यावरून अटक होते. पोलीस ठाण्यात बसलेल्या हवालदाराला मी अनेकदा म्हटलं आहे, आधी सगळं ऐका. तो माझ्याकडे असा बघायचा की जणू मी काही सवलत मागतो आहे. ती सवलत नव्हे. १९१६ पासूनचा न्यायालयाचा नियम आहे, आणि तो परक्या राजवटीच्या न्यायाधीशाने घालून दिलेला आहे.

समाजावर काय परिणाम झाला? होमरूल हा शब्द उघड उच्चारण्याजोगा झाला. ज्या मागणीमागे कालपर्यंत राजद्रोहाची छाया होती, ती आता उच्च न्यायालयाच्या निकालाने सनदशीर ठरली होती. डिसेंबरात लखनौला काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांचा करार झाला. न्यायालयात जमलं नाही तेव्हा सरकारने प्रशासकीय हुकमांची वाट धरली. १९१७ मध्ये टिळकांना पंजाब आणि दिल्लीत प्रवेशबंदी झाली, मद्रास सरकारने होमरूलच्याच पुढारी अॅनी बेझंट यांना स्थानबद्ध केलं. त्याच वर्षी २० ऑगस्टला भारतमंत्री मॉन्टेग्यू यांनी पार्लमेंटमध्ये टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. हे सगळं नगरच्या दोन सभांमुळे झालं असं कोणी म्हणणार नाही. पण त्या सभांतले शब्द निर्दोष ठरले नसते, तर पुढच्या सभा भरल्या असत्या का, हे विचारण्यासारखं आहे.

आणि इथे एक कडू गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. 'आपला कारभार' म्हणताना 'आपला' यात कोण कोण येत होतं? १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्याने मुलींचं वय दहावरून बारा केलं, तेव्हा याच वक्त्याचा आवाज विरोधात होता. १९१७ मध्ये अथणीच्या सभेत कायदेमंडळात जागा मागणाऱ्या तेली, तांबोळी, कुणब्यांना उद्देशून त्यांनी काढलेले उद्गार बहुजन समाज आजवर विसरलेला नाही, आणि विसरू नये. सरकार आणि नोकरशाही यांत इतका नेमका भेद करणाऱ्या माणसाला 'लोक' या शब्दाची फोड तेवढ्याच नेमकेपणाने करता आली नाही. ती दुसऱ्याने केली. जानेवारी १९१९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. वय सत्तावीस. लोकांचं राज्य म्हणायचं असेल तर अस्पृश्यांना मतदानाचा हक्क आणि त्यांचे स्वतःचे प्रतिनिधी हवेत, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. नगरची भाषणं आणि ही साक्ष मी नेहमी एकत्र वाचतो. एकाने विचारलं सरकार म्हणजे कोण, दुसऱ्याने विचारलं लोक म्हणजे कोण. दुसरा प्रश्न अधिक अवघड होता, आणि तो विचारणाऱ्यामागे एक लाखाची थैली नव्हती.

स्वातंत्र्य आलं. कलम १२४-अ राहिलं. घटना समितीपुढच्या मसुद्यात भाषणस्वातंत्र्यावर बंधन घालण्याच्या कारणांमध्ये राजद्रोह हा शब्द होता. १ डिसेंबर १९४८ रोजी कन्हैयालाल मुन्शी उठले आणि तो शब्द गाळा म्हणाले. लोकशाहीत सरकारवर टीका होणारच, सरकार बदला असं लोक म्हणणारच. ती टीका आणि सुरक्षितता उलथून टाकणारी चिथावणी यांत रेघ ओढली पाहिजे, असा त्यांचा मुद्दा. मुन्शी याच मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेले. शब्द गळला. राज्यघटनेत तो आज नाही. सभागृहातल्या एका भाषणाने कायद्याच्या मजकुरातला एक शब्द जाणं, हे इतक्या डोळ्यांदेखत फार वेळा घडत नाही.

दंडसंहितेतलं कलम मात्र तसंच होतं. बिहारमधल्या बरौनी गावात २६ मे १९५३ रोजी केदारनाथ सिंह नावाच्या कार्यकर्त्याने भाषण केलं. गुप्त पोलिसांना कुत्रे म्हटलं, काँग्रेसच्या राज्यकर्त्यांवर सडकून टीका केली, क्रांतीची भाषा केली. खटला चढत चढत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला. २० जानेवारी १९६२ रोजी निकाल आला. कलम वैध, पण हिंसाचार किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवण्याचा हेतू वा कल असेल तेवढ्यापुरतंच. आणि त्याच निकालात सरन्यायाधीश सिन्हा यांनी एक भेद केला : कायद्याने स्थापन झालेलं सरकार वेगळं, आणि त्या त्या वेळी कारभार हाकणाऱ्या व्यक्ती वेगळ्या.

अदृश्य सरकार आणि दृश्य सरकार.

पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी ग्रंथालयात पुस्तक बंद करून बसून राहिलो होतो. न्यायालयाने नगरचं भाषण समोर ठेवून ते लिहिलं, असा माझा दावा नाही. ब्रिटिश कायद्यातही तशी सूत्रं सापडतील. पण १९१६ मध्ये ज्या भेदाला बॅचलर यांनी कायद्याचा दर्जा द्यायला नकार दिला होता, तो छेचाळीस वर्षांनी स्वतंत्र देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकालपत्रात उतरवला. आणि त्या निकालाने केदारनाथ सिंह सुटले का? नाही. त्यांचं अपील फेटाळलं गेलं. आज देशभरातले आरोपी ज्यांच्या नावाचा आधार घेतात, त्या माणसाला स्वतःला त्या नावाचा उपयोग झाला नाही. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं. बरौनीत बोललेल्या त्या भाषणाची भाषा शिवराळ होती, मान्य. पण शिवराळपणा हा राजद्रोह नव्हे, हे त्याच निकालपत्रातून निघतं असं माझं मत आहे.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम १२४-अ खालची कारवाई थांबवायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. राजद्रोह हा शब्द गेला आणि कलम १५२ आलं. त्यात सरकारविषयी द्वेष, अप्रीती ही भाषा नाही. देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृतींची भाषा आहे, आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत किंवा सात वर्षांपर्यंत. नवं कलम कसं वाचायचं, हे अजून घडायचं आहे. ते न्यायमूर्ती घडवतील, तसंच ते तालुक्याच्या ठिकाणी पहिली फिर्याद लिहून घेणारा माणूस घडवेल. म्हणून मी वकिलांना भेटलो की सांगतो, मूळ मराठी भाषण मागा. चित्रफीत सगळी मागा. भाषांतर शब्दाला शब्द लावून तपासा.

मुंबई उच्च न्यायालयात मध्यवर्ती न्यायदालनाबाहेर संगमरवरी फलक आहे. १९०८ मध्ये शिक्षा ऐकण्यापूर्वी टिळक जे बोलले ते त्यावर कोरलं आहे. १९५६ मध्ये मुख्य न्यायाधीश छागला यांनी त्याचं अनावरण केलं. मुंबईला गेलो की मी तिथे दोन मिनिटं थांबतो. फाइली घेऊन जाणारे तरुण वकील शेजारून घाईने जातात. १९०८ च्या शिक्षेची आठवण तिथे दगडात आहे. १९१६ च्या सुटकेची तशी खूण मला कुठे दिसत नाही, नगरमध्येही नाही. लोकमान्य त्या दोन दिवशी जिथे बोलले तिथे निदान तारखांची एक पाटी लागावी, अशी माझी या सभेला विनंती आहे. पाटीवर घोषणा नको. मास्तरांनी फळ्यावर लिहिलेला प्रश्न लिहा.

आणि जमलं तर त्या लघुलेखकाचीही आठवण ठेवा. मे महिन्याच्या अखेरीचा नगरचा उकाडा, समोर गर्दी, मांडीवर वही. त्याला पगार होता तो टिळकांना अडकवण्यासाठी लागणारे शब्द टिपण्याचा. पण त्याला निवड करायची मुभा नव्हती, जे बोललं जाईल ते सगळं लिहायचं होतं. त्याने परक्याची व्याख्या लिहिली, स्वराज्याचा अर्थ लिहिला. हॅच यांच्यापुढे ती पानं टिळकांच्या विरुद्ध वाचली गेली. तीन महिन्यांनी मुंबईत तीच पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली गेली, आणि टिळक सुटले.